उत्तर आले, आता ताळा करा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.)



संयोजकांनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवला आहे. म्हणाले, "तू नेमकं काय काम करतेस ते एकदा सांगून टाक. आम्हाला कुणालाच कळलेलं नाही." त्यांचा दोष नाही. आमच्या घरीही हीच परिस्थिती आहे. मी डेटाबेस सर्व्हर सांभाळते असे आईला सांगितले, तेव्हा तिने शेजारच्या काकूंना सांगितले, "ती कॉम्प्युटरमधलं दप्तर सांभाळते." मी खूप पुस्तके वाचली, पण माझ्या कामाची यापेक्षा चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

आपल्या शाळेत दप्तर म्हणजे जनरल रजिस्टर. लाल कापडी बांधणीचे, दोन हातांनी उचलावे लागणारे. रजिस्टर क्रमांक, नाव, जन्मतारीख, मागील शाळा, प्रवेशाचा दिनांक, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, शाळा सोडल्याचे कारण, शेरा. एका मुलाची एक ओळ, एका माहितीचा एक रकाना. दाखला हवा असला की भाऊ त्या ओळीवर पट्टी ठेवून एकेक रकाना उतरवून घ्यायचे. ते काम बघत आपण खिडकीबाहेर उभे असायचो.

१९७० साली एडगर कॉड नावाच्या आयबीएममधल्या गणितज्ञाने एक निबंध लिहिला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, आणि हवे ते काय हे सांगितले की ते कुठून कसे काढायचे हे यंत्राने बघावे, असा त्याचा सारांश. म्हणजे भाऊंना "कपाटाच्या दुसऱ्या खणातले तिसरे रजिस्टर काढा" असे सांगायचे नाही, "१९८४ ला पाचवीत आलेल्या मुली सांगा" एवढेच म्हणायचे. आज बँक, रेल्वे, दवाखाना, सगळीकडे तीच कल्पना चालते.

त्या निबंधावरून अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे मायकेल स्टोनब्रेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्ग्रेस नावाची प्रणाली बांधली. १९८६ साली त्यांनी तिच्या पुढचे काम सुरू केले, म्हणून नाव पडले पोस्टग्रेस, इन्ग्रेसच्या नंतरचे ते. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी तिला एसक्यूएल ही प्रश्न विचारण्याची भाषा जोडली आणि १९९६ मध्ये तिचे नाव पोस्टग्रेएसक्यूएल झाले. तिचे चिन्ह हत्ती आहे. स्टोनब्रेकर यांना २०१४ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. संगणकशास्त्रात त्याहून मोठा मान नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ही प्रणाली कुणाच्या मालकीच्या दुकानात विकत मिळत नाही. तिचा मूळ मजकूर, ज्याला आम्ही सोर्स कोड म्हणतो, तो कुणीही फुकट घ्यावा, वाचावा, बदलावा, वाटावा, असा तिचा परवाना आहे. सी भाषेतल्या दहा लाखांहून अधिक ओळी, आणि त्या जगभरातली माणसे मिळून लिहितात, तपासतात. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला बर्कलीच्या वर्गात कुणी बसू दिले नसते, पण त्यांची वही मात्र मला जशीच्या तशी वाचायला मिळाली. तीही घरबसल्या, २००४ साली, पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत.

सोर्समधून सर्व्हर बांधणे म्हणजे काय, ते सांगते. बाजारातून दळलेले पीठ आणता येते. ते वाईट नसते. पण आपल्या घरात ज्वारी निवडून, चाळून, गिरणीत समोर उभे राहून दळून आणायची पद्धत आहे. जाडसर हवे की बारीक हे गिरणीवाल्याला सांगता येते, आणि आत काय गेले हे आपल्याला माहीत असते. तयार पॅकेज म्हणजे पुड्यातले पीठ. सोर्स म्हणजे ज्वारी.

पायऱ्या चारच. पहिली, कॉन्फिगर. ही आज्ञा दिली की एक स्क्रिप्ट तुमच्या यंत्रात फिरून चौकशी करते. कंपायलर आहे का, अमुक लायब्ररी आहे का, तमुक आहे का. पहिल्या दिवशी मी मोठ्या आशेने ती चालवली आणि ती म्हणाली, रीडलाईन सापडली नाही. मी ती बसवली. मग म्हणाली, झेडलिब सापडली नाही. तीही बसवली. प्रवेशाच्या वेळी आपल्याकडे असेच असायचे. जन्माचा दाखला आणलात? मग आता मागच्या शाळेचा आणा.

दुसरी पायरी, मेक. इथे कंपायलर त्या लाखो ओळींचे यंत्राला कळेल असे रूप करतो. पडद्यावर ओळी धो धो वाहतात. २००४ मध्ये माझ्या जुन्या यंत्राला अर्धा तास लागला होता. आता आपल्या शाळेच्या संगणकावर पाचेक मिनिटांत झाले.

तिसरी पायरी, मेक चेक. ही पायरी सक्तीची नाही. बरेच जण ती ओलांडून पुढे जातात. इथे नुकताच बांधलेला सर्व्हर तात्पुरता उभा राहतो आणि स्वतःला दोनशेच्या वर परीक्षा देतो. बेरीज बरोबर येते का, तारखा नीट वाचल्या जातात का. प्रत्येक परीक्षेचे अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवलेले असते आणि आलेले उत्तर त्याच्याशी ओळीओळीने जुळवले जाते.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगते. ही पायरी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तुमचा आवाज ऐकू आला. "उत्तर आलं म्हणजे गणित संपलं नाही. ताळा कर." भागाकार बरोबर असूनही ताळा केला नाही म्हणून तुम्ही माझा एक गुण कापला होता. सहामाही परीक्षा, सातवी. तो गुण मी अजून विसरलेले नाही. (हशा)

चौथी पायरी, मेक इन्स्टॉल. तयार झालेल्या फायली ठरलेल्या जागी जातात. एवढ्याने सर्व्हर बांधून होतो, पण चालू होत नाही. आधी दप्तराची जागा तयार करावी लागते, त्या आज्ञेचे नाव इनिटडीबी. आणि इथे एक गंमत आहे. संगणकावर सर्वाधिकारी असतो त्याला रूट म्हणतात. रूट होऊन ही आज्ञा दिली तर ती सरळ नकार देते. यंत्रावर सगळे अधिकार असलेल्या माणसाचे ऐकत नाही. कारण उद्या सर्व्हरमधून कुणी चोर शिरला तर त्याच्या हाती फक्त दप्तराची खोली लागावी, अख्ख्या शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा लागू नये. म्हणून त्यासाठी वेगळा, साध्या अधिकारांचा वापरकर्ता काढतात. मग पीजी-सीटीएल म्हणून आज्ञा असते, तिने सर्व्हर सुरू होतो, आणि तो ५४३२ क्रमांकाच्या दारावर कान देऊन बसतो.

मला पहिल्यांदा हे जमले तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मी त्याला विचारले, दोन अधिक दोन किती. तो म्हणाला चार. खोलीतल्या मैत्रिणीला उठवून दाखवले. ती म्हणाली, "एवढ्यासाठी उठवलंस?"

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगते. आजपर्यंत ती मी फक्त ऑफिसमध्ये नवीन आलेल्या मुलांना सांगत आले आहे.

२००६ साली मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेचा सर्व्हर सांभाळत होते. रक्त-लघवीचे अहवाल त्यात नोंदले जात. एका सकाळी फोन आला, नोंद होत नाही. जाऊन पाहिले तर डिस्क भरलेली. तपासणीची छायाचित्रे साठून साठून जागा संपली होती. जागा करायला हवी म्हणून मी मोठ्या फायली शोधल्या. पोस्टग्रेसच्या दप्तरात पीजी-एक्सलॉग नावाचा एक फोल्डर होता, त्यात एकसारख्या आकाराच्या पुष्कळ फायली. नावात लॉग. मला वाटले, जुन्या घडामोडींची टिपणे असतील, कोण वाचणार आहे. पुसून टाकल्या.

तो लॉग तसला नव्हता. आपल्या बाजारातल्या आडतवाल्यांकडे दोन वह्या असतात. व्यवहार झाला की आधी रोजकीर्द, मग सवडीने खतावणी. दिवा गेला, माणूस उठून गेला, तरी रोजकीर्दीवरून खतावणी पुरी करता येते. पोस्टग्रेस तसेच करतो. प्रत्येक बदल आधी रोजकीर्दीत लिहितो, ती डिस्कवर पक्की झाली की मगच "झाले" म्हणतो आणि मूळ तक्त्यात नंतर उतरवतो. मी ती रोजकीर्द फाडून फेकली होती.

सर्व्हर उभा राहिना. हरकत नाही, रात्रीचा बॅकअप आहे, असे म्हणून मी फायली उघडल्या. फायली रोजच्या होत्या. पण शेवटच्या अकरा फायलींचा आकार शून्य होता. अकरा दिवसांपूर्वी सुरक्षिततेसाठी मीच पासवर्ड बदलला होता, आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये तो बदलायचा राहिला होता. स्क्रिप्ट इमानाने रोज रात्री येत होती, दार बंद बघून रिकामी पिशवी ठेवून जात होती. मी रोज सकाळी पिशवी आहे एवढेच पाहत होते. आत हात घातला नव्हता. ताळा केला नव्हता.

सर्व्हर जबरदस्तीने उघडायचे एक हत्यार असते. ते वापरून पाहिले. उघडला, पण एका रुग्णाच्या नावापुढे दुसऱ्याचा अहवाल दिसू लागला. दवाखान्यात याचा अर्थ काय होतो, हे मला तुम्हाला सांगायला नको. मी तो बंद केला आणि अकरा दिवसांपूर्वीची प्रत उभी केली. मधले अकरा दिवस गेले.

वाचवले ते प्रयोगशाळेतल्या ताईंनी. त्या नव्या यंत्रावर विश्वास न ठेवता रोजची नोंद निळ्या शाईने वहीतही करत होत्या. त्यावरून आम्ही दोघींनी तीन रात्री बसून सगळे पुन्हा भरले. त्या वाचायच्या, मी टंकायची, मग मी वाचायची, त्या वहीशी जुळवायच्या. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तिसऱ्या रात्री फक्त एवढेच म्हणाल्या, "मॅडम, आता तरी ही वही बंद करा म्हणू नका."

पुढे २०१७ साली दहाव्या आवृत्तीत त्या फोल्डरचे नाव बदलून पीजी-वॉल केले गेले. नावातल्या लॉगमुळे माणसे त्या फायली निरुपयोगी समजून पुसत होती, हे एक मोठे कारण. ते वाचून मला जगात आपल्यासारखे बरेच आहेत म्हणून थोडे बरे वाटले. पण त्या तीन रात्रींनंतर मी सोर्समधून सर्व्हर बांधायची सवय सोडली नाही. प्रत्येक ठिकाणी तसे करावे असे मी म्हणणार नाही. नव्वद टक्के कामाला तयार पॅकेज उत्तम आणि सुरक्षा दुरुस्त्याही त्यात आपसूक येतात. पण ज्याला दप्तर सांभाळायचे आहे त्याने एकदा तरी ते स्वतः बांधावे. कुठली वही कशासाठी आहे ते मग विसरत नाही.

आता शाळेकडे येते.

गेल्या वर्षी एका वर्गमित्राला नातेवाइकाच्या जात पडताळणीसाठी जुना उतारा हवा होता. भाऊंच्या जागी आता तरुण लिपिक आहेत. त्यांनी रजिस्टर काढले, तर कडेची पाने वाळवीने खाल्लेली. ती नोंद वाचली, पण तिच्या वरच्या चार नोंदी अर्ध्या गेल्या होत्या. मुख्याध्यापक सरांनी मला फोन केला, आणि डिसेंबरच्या सुटीत मी इथे आले.

शाळेच्या कार्यालयात एक जुना संगणक मिळाला. त्यावर लिनक्स टाकले आणि पोस्टग्रेसची सतरावी आवृत्ती सोर्समधून बांधली. संगणकाचे शिक्षक आणि नववीतल्या दोन मुली सोबत होत्या. आज्ञा मुलींनी दिल्या, मी मागे उभी राहिले. कॉन्फिगरने पहिल्यांदा नकार दिला, आयसीयू लायब्ररी नाही म्हणून. मुलींची तोंडे उतरली. मी म्हटले, दाखला मागतोय, आणून द्या. मेक चेकला मात्र सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास. त्या दिवशी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आयसीयू ही आपल्या कामाची लायब्ररी आहे. संगणकाच्या स्वतःच्या क्रमात ळ हा ल च्या शेजारी येतो आणि क्षीरसागर हे क च्या घोळक्यात जाऊन बसतात, कारण क्ष म्हणजे त्याच्या लेखी क, हलन्त आणि ष. प्रत्येक भाषेचा क्रम वेगळा ठेवायची सोय या लायब्ररीमुळे होते. आपण मराठीचा क्रम निवडला आणि जुन्या हजेरीपटाशी ताडून पाहिला.

दप्तर तयार करताना चेकसम चालू ठेवला. पोस्टग्रेस आठ केबीच्या पानांत लिहितो, आणि चेकसम असला की प्रत्येक पानाच्या डोक्यावर त्या पानाच्या मजकुराचा ताळा लिहून ठेवतो. डिस्क खराब होऊन अक्षर बिघडले तर वाचताना लगेच कळते. सतराव्या आवृत्तीत तो आपणहून चालू नसतो, सांगावा लागतो. दुसरे, इनिटडीबी सुरुवातीला त्याच यंत्रावर बसलेल्या कुणालाही पासवर्डशिवाय आत सोडते आणि तशी सूचनाही देते. लोक ती सूचना वाचत नाहीत. आपण ती परवानगी काढून पासवर्ड लावला. या रजिस्टरात जात आहे, जन्मतारखा आहेत. म्हणून हा संगणक इंटरनेटला जोडलेला नाही आणि जोडायचा नाही, असे सरांशी ठरले आहे.

सरांना एकच शंका होती. "आपल्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे. मधेच गेली तर?" मी एका मुलीला नोंद भरायला लावली, ती जतन झाली असे दिसताच सरांच्या हाताने प्लग ओढायला लावला. सरांनी दोनदा विचारले, "नक्की?" मग ओढला. पुन्हा संगणक सुरू केला, सर्व्हरने रोजकीर्द वाचून आपले घर आवरले आणि नोंद जिथल्या तिथे होती. सर म्हणाले, "आता बसवा."

एकूण सात रजिस्टरे आहेत, साडेअकरा हजारांच्या आसपास नोंदी. पहिले काम आपल्या तुकडीचे घेतले, कारण या मेळाव्याची निमंत्रणे काढायची होती. आणि इथे मला तुम्हाला जे सांगायचे आहे ते आले.

निमंत्रणांची यादी आपण दहावीच्या निकालपत्रकावरून केली होती. ६७ नावे. मी सहज एक प्रश्न टाकला : जून १९८४ मध्ये पाचवीत आले, पण १९९० च्या दहावीच्या यादीत नाहीत, ते कोण?

उत्तर आले, ४१. त्या ४१ मध्ये आपले आजचे सूत्रसंचालक होते! म्हणजे आपल्या दप्तराप्रमाणे हे गृहस्थ शाळा सोडून गेलेले. (हशा) ताळा केल्याशिवाय सोडायचे नाही, म्हणून शोधले. त्यांच्या आडनावात ऱ आहे. हा ऱ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक अखंड अक्षर म्हणून, किंवा र खाली नुक्ता देऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. पाचवीची नोंद एकीने टंकली होती, दहावीची यादी दुसरीने. अशी दोन नावे निघाली. पोस्टग्रेसमध्ये नॉर्मलाइज नावाची सोय आहे, तिने सगळी अक्षरे एका रूपात आणली. उत्तर झाले ३९.

पाचवीत आपण ९४ होतो. त्यातले ५५ आपल्याबरोबर दहावीला बसले, आणि आठवीत आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांतून १२ जण आले. ५५ आणि १२ मिळून ६७. ९४ मधून ५५ गेले, ३९. ताळा जमला.

३९ पैकी सहा जण एक वर्ष मागे राहून पुढच्या तुकडीबरोबर पास झाले. उरले ३३. "शाळा सोडल्याचे कारण" या रकान्यावरून गट केले. सतत गैरहजर, १५. पालकांच्या अर्जावरून, ८. अन्य शाळेत प्रवेश, ६. रकाना रिकामा, ४.

मी बराच वेळ त्या चार ओळींकडे बघत बसले. सतत गैरहजर असलेल्या १५ पैकी ११ जणांची सोडल्याची तारीख दिवाळीच्या सुटीनंतरची होती. आपल्या भागात दिवाळीनंतर काय होते हे मी कुणाला सांगायचे? ट्रॅक्टर, बैलगाड्या भरून कोयते निघतात, सांगलीकडे, कोल्हापूरकडे, कर्नाटकात. आईबाप गेले की पोरे गेली. मार्चअखेर परत येईपर्यंत नाव पटावरून कमी झालेले असायचे. आपण शेजारच्या रिकाम्या बाकावर दप्तर ठेवायला सुरुवात केली, आणि दोन वर्षांनी तो बाक रिकामा होता हेही विसरलो. मी विसरले होते, हे कबूल करते. आपण पस्तीस वर्षे "आमची बॅच" म्हणतो, त्यात ही ३३ माणसे नव्हती. आणि रजिस्टरात त्यांची नावे पूर्ण, वळणदार अक्षरात, जिथल्या तिथे होती. भाऊ, तुम्ही एकाही नावावर रेघ मारली नव्हती.

संयोजकांशी बोलले. सगळ्यांनी मिळून शोध घेतला. गावागावांत निरोप गेले, मुकादमांकडे विचारले. आजपर्यंत १४ जणांचा पत्ता लागला. त्यातले दोघे आता हयात नाहीत. बारा जणांना निमंत्रण पोहोचले, आणि त्यातले पाच जण आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. (टाळ्या)

त्यातल्या एका मैत्रिणीला फोन मीच केला होता. ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. सर, ताळा न सांगता करणारी वर्गात ती एकटीच होती. आठवीच्या दिवाळीनंतर ती आली नाही. मी फोनवर सगळे सांगितले, रजिस्टर, संगणक, मेळावा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझं नाव हाय व्हय आणखी तिथं?" मी हो म्हटले. तिने रजिस्टर क्रमांक विचारला. मी सांगितला. तिने तो दोनदा म्हणून घेतला.

मला त्या रकान्यातले "सतत गैरहजर" हे शब्द बदलावेसे वाटले. खोटे सांगत नाही, कर्सर तिथे नेला होता. मग थांबले. मूळ रजिस्टर हेच शाळेचे दप्तर आहे, आपली संगणकातली प्रत त्याच्याशी अक्षरशः जुळली पाहिजे. दप्तर सांभाळणाऱ्याने आपल्या मनासारखे दप्तर लिहायला सुरुवात केली की संपले. म्हणून वेगळा तक्ता केला आहे. त्यात ज्याची त्याने आपली हकीकत सांगायची, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालायची. मूळ ओळ तशीच राहील आणि तिच्या शेजारी दुसरी ओळ उभी राहील. आज जेवणानंतर कार्यालयात संगणक चालू असेल. पाचही जणांनी यावे, आणि आपणही या.

शेवटी तीन विनंत्या करते आणि थांबते.

पहिली. साडेअकरा हजारांपैकी ४,२०० नोंदी टंकून झाल्या आहेत, पण ताळा झालेल्या फक्त २,६०० आहेत. एकाने वाचायचे, दुसऱ्याने जुळवायचे, असे दोघांचे काम आहे. वाळवी आपल्यासाठी थांबणार नाही. रविवारी दोन तास देऊ शकणाऱ्या जोड्या हव्या आहेत. संगणक येण्याची अट नाही, अक्षर वाचता आले पाहिजे.

दुसरी. रोज संध्याकाळी बॅकअप घेतला जातो. एक प्रत कार्यालयात, एक मुख्याध्यापकांच्या घरी, एक तालुक्याच्या गावी. पण दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करून नोंदी मोजायच्या, हे काम सध्या त्या दोन मुली करतात. पुढच्या वर्षी त्या दहावीला जातील, मग शाळा सोडतील. सतराव्या आवृत्तीला नोव्हेंबर २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, तोपर्यंत नवी आवृत्ती बांधता येणारे कुणीतरी इथे तयार हवे. दर वर्षी आठवीतल्या दोघांना शिकवायला मी सुटीत येईन. माझ्यानंतर कोण येईल ते आजच बघून ठेवा.

तिसरी. उरलेल्या १९ जणांची नावे बाहेर फळ्यावर लिहिली आहेत, खडूने. कुणाला काही माहीत असेल, गाव, सासर, मुकादमाचे नाव, काहीही, तर त्या नावापुढे लिहा. चुकीचे असले तरी चालेल, आपण तपासू. फक्त कुणी फळा पुसू नका.

सर, तो एक गुण आता मिळाला तरी चालेल.